न उठणाऱ्या ट्यूटरबाई

डॉक्टर वॉर्डात आले की आम्ही उठायचो. तापाच्या तक्त्यावर रेघ ओढत असो, नाहीतर पेशंटला पेज भरवत असो, दारात पांढरा कोट दिसला की नर्स उभी. पेशंटला खाटेवरून कसं उठवायचं हे शिकवायच्या आधी आपण खुर्चीवरून कसं उठायचं हेच आम्हाला शिकवलं गेलं होतं. या सगळ्या उठाबशांमध्ये नागपूरच्या आमच्या सरकारी दवाखान्यात एकच बाई अशी होती, जी डॉक्टरांसाठी कधी म्हणजे कधी उठली नाही. त्या आमच्या ट्यूटरबाई.

नाव द्वारका निमजे. पण नर्सिंगच्या शाळेत शिकवणारी सिस्टर ती ट्यूटर, म्हणून सगळ्यांच्या ट्यूटरबाई. मूळच्या उमरेडच्या, विणकरांच्या घरातल्या. अंगानं लहानखुऱ्या, पण आवाज असा, की दोन वॉर्ड पलीकडच्या पोरीनं टोपी सरळ करावी. घरात दिवसभर हातमागाची खटखट, तिच्यावरून बोलायची लहानपणापासून सवय! एकदा बाहेरगावाहून आलेल्या एका तरुण डॉक्टरांनी त्यांना सगळ्यांदेखत विचारलं, "सिस्टर, तुम्ही उठला नाहीत?" बाई लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली आणि अगदी गोड हसून म्हणाल्या, "मी काम करून राहिली ना, डॉक्टर. तुमचं काय ते सांगा, मले बसूनही ऐकू येते." डॉक्टरांनी निमूटपणे आपलं काम सांगितलं आणि बाईंनी ते लगेच केलंही.

याचा अर्थ त्या कुणासाठीच उठत नसत असा मात्र नाही. पाळी संपली की जाणारी नर्स येणाऱ्या नर्सला एकेका खाटेपाशी नेऊन पेशंट सोपवते. याला आम्ही 'ओव्हर देणं' म्हणतो. निदान असं करायचं असतं. प्रत्यक्षात बऱ्याच जणी खुर्चीतूनच 'तीन नंबर तसाच, चार नंबर तसाच' असं उरकून पर्स उचलायच्या. ट्यूटरबाई वॉर्डावर असल्या की हे चालायचं नाही. ओव्हर घ्यायला आलेली मुलगी पहिल्या वर्षाची असो, कालच खेड्यातून आलेली असो, तिला बघून बाई खुर्चीतून उठत, आणि शेवटच्या खाटेची ओव्हर होईपर्यंत बसत नसत. कुणी खाटेचा नंबर सांगितला तर लगेच टोकत, "नंबर खाटेले असते. माणसाले नाव असते. नाव सांग."

मी एकदा धीर करून विचारलं, की बाई, तुम्ही सर्जनसाहेबांसाठी उठत नाही आणि आमच्यासाठी का उठता? तेव्हा म्हणाल्या, "डॉक्टर येते, पाहते, जाते. पन माझा पेशंट तुझ्या हातात जाऊन राहिला वं. जिच्या हातात माणूस द्यायचा तिच्यासाठी नाई उठायचं, त मंग कोनासाठी उठायचं?"

मी शाळेत आले ती एकोणीसशे साठच्या दशकाच्या शेवटी, मौद्याजवळच्या आमच्या गावातून. घर शेतकऱ्याचं. मॅट्रिक झालेली मुलगी, लग्नाच्या आधी चार पैसे मिळवील म्हणून आईनं हट्ट धरला होता, आणि वडील माझी ट्रंक उचलून आले होते ते ती परत घेऊन जायच्याच तयारीनं. शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी ट्यूटरबाईंना सरळ विचारलं, "बाई, माझ्या पोरीनं परक्या मानसायचं आंग पुसायचं? गावातले लोक काय म्हनतीन?"

बाईंना राग आला नाही. त्यांनी वडिलांना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "काकाजी, घरी कोनी अंथरुणाले खिळलं होतं का कधी?" वडील म्हणाले, माय होती. "तिच्या पाठीले जखमा झाल्या होत्या का?" वडिलांनी होकारार्थी मान हलवली. माझ्या आजीची पाठ शेवटी शेवटी बघवत नव्हती, हे मलाही आठवत होतं. बाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही सेवा कमी नसन केली. पन ते पाठ कशी जपायची हे शिकावं लागते. तीन वर्षं शिकवतो आम्ही. पोरगी इथं आंग पुसाले नाई आली, विद्या शिकाले आली." वडिलांनी ट्रंक खाली ठेवली. जाताना त्यांनी बाईंना नमस्कार केला, आणि त्या दिवसापासून मी शाळेत 'मौदेवाली' झाले.

शिकवायची त्यांची तऱ्हा वेगळीच होती. मोठे डॉक्टर येऊन आम्हाला व्याख्यान देत. बाई शेवटच्या बाकावर बसून ते मनापासून ऐकत, टिपणं काढत. डॉक्टर गेले की पुढं येत आणि म्हणत, "सायबायनं रोग शिकवला. चांगला शिकवला. आता आपन रोगी शिकू." मग आमच्यातल्या एकीला त्या खाटेवर झोपवत. तिनं अख्खी सकाळ पेशंट होऊन पडायचं, स्वतःच्या हातानं काही घ्यायचं नाही, आणि बाकीच्यांनी तिच्या डोक्यावरून गप्पा मारत कामं करायची. माझी पाळी आली तेव्हा मला पाणी हवं होतं आणि सगळ्या जणी माझ्याकडे न बघता चादरीच्या घडीबद्दल बोलत होत्या. जेवायच्या सुट्टीत मी चिडून हे सांगितलं, तर बाई म्हणाल्या, "परीक्षेत येनार नाई हे. पन ध्यानात ठेव." त्यानंतर नोकरीच्या सगळ्या वर्षांत खाटेजवळून जाताना पेशंटच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय मी कधी पुढं गेले नाही.

'सेवा' आणि 'त्याग' या शब्दांशी मात्र त्यांचं उभं भांडण होतं. दरवर्षी नव्या मुलींना टोपी देण्याचा समारंभ व्हायचा. एका वर्षी एक पुढारी पाहुणे म्हणून आले आणि आम्हाला त्यागाच्या मूर्ती, करुणेच्या मूर्ती, अशा झाडून सगळ्या मूर्ती म्हणून गेले. आभार ट्यूटरबाईंकडे होते. त्या म्हणाल्या, "पाहुण्यांचे आभार. पण आम्हाला मूर्ती करू नका, अशी विनंती आहे. मूर्तीला नैवेद्य दाखवतात आणि खातात दुसरेच. मूर्तीला सुट्टी लागत नाही, मूर्तीचं पोट दुखत नाही. आम्ही शिकलेल्या बाया आहोत. आम्हाला शिकलेल्या माणसासारखं वागवा, बाकी काही नको." पुढारी मोकळेपणानं हसले. दवाखान्यातल्या सगळ्या नर्सेसच्या वरिष्ठ मेट्रनबाई मात्र हसल्या नाहीत.

मेट्रनबाईंचं म्हणणं, चांगल्या घरच्या बाईनं राजकारणात पडू नये. ट्यूटरबाई नर्सेसच्या संघटनेचं काम करायच्या, बैठका घ्यायच्या, हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. बाई म्हणायच्या, "आपल्या वॉर्डात कापूस किती येनार, हे विधानसभेच्या अधिवेशनात ठरते. नर्सा किती भरनार, हे अधिवेशनात ठरते. मंग अधिवेशनात आपलं काम काहून नाई?"

आता त्या खुर्चीबद्दल सांगायला हवं. आमच्या शाळेच्या ऑफिसात एक उंच पाठीची सागवानी खुर्ची होती आणि तिच्या पाठीवर कायम एक पांढरा टॉवेल घातलेला असायचा. ही शाळेच्या प्रमुखाची खुर्ची. शाळा नर्सिंगची, शिकणाऱ्या नर्सेस, शिकवणारी नर्स, पण प्रमुख मात्र दवाखान्याचे अधीक्षक, म्हणजे डॉक्टर. माणूस भला होता, पण दवाखान्याच्या कामात बुडालेला. शाळेत यायचे ते सह्या करायला. ट्यूटरबाईंनी त्यांना तोंडावर सांगून टाकलं होतं, "डॉक्टरसाहेब, हे खुर्ची मले पाहिजे. मी दिल्लीले जाऊन ट्यूटरचा कोर्स केला तो काय उगाच?" आपल्याकडे बाईनं काही हवं म्हटलं की लोकांना घाम फुटतो. तिनं नको नको म्हणावं आणि दुसऱ्यांनी आग्रह करावा, अशी रीत. बाईंना ती रीत मान्य नव्हती. अधीक्षक आधी हसले, मग हळूहळू त्यांनाही पटलं, आणि त्यांनी स्वतःच वर शिफारस केली. मी दवाखान्यात काही वर्षं काढून, ट्यूटरचा कोर्स करून बाईंच्या हाताखाली शिकवायला लागले, तोवर शाळेच्या प्रमुखपदी नर्स नेमायचं जवळपास ठरत आलं होतं. आणि ती नर्स कोण, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

नेमकं त्याच वर्षी सिंधूचं प्रकरण झालं. सिंधू दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, कन्हानची, वडील कोळशाच्या खाणीत. एका दुपारी बायकांच्या वॉर्डातली स्टाफ नर्स दुसरीकडे पाठवली गेली आणि सिंधू एकटी राहिली. हे काही नवीन नव्हतं. विद्यार्थिनी म्हणून नाव आणि काम पुऱ्या नर्सचं, असंच आमचे सगळे दवाखाने चालत होते. वॉर्डाच्या एका टोकाला एका बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला. सिंधू तिच्यापाशी होती, आणि ती बाळंतीण वाचली. पण तेवढ्यात दुसऱ्या टोकाची एक म्हातारी खाटेवरून पडली आणि संध्याकाळी गेली. चौकशी झाली. निष्काळजीपणा म्हणून सिंधूचं नाव शाळेतून काढलं. ट्यूटरबाईंनी तो निकाल ऐकला आणि इतकंच म्हणाल्या, "एका पोट्टीले दोन टोकं दिली, आन् म्हनते निष्काळजी."

संघटनेनं मोर्चा काढायचं ठरवलं. पुढं चालायचं होतं ट्यूटरबाईंनी. हे कळताच अधीक्षकांनी त्यांना शाळेच्या ऑफिसात बोलावलं. मीही सोबत होते. ते काकुळतीनंच म्हणाले, "बाई, सिंधूचं मी पुढच्या वर्षी बघतो. तुम्ही सरकारी नोकर, मोर्चाच्या पुढं दिसलात तर माझ्या हातात काही राहणार नाही. थोडं थांबा. ही खुर्ची तुमचीच आहे."

बाई खुर्चीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "खुर्ची मले पाहिजेच, डॉक्टरसाहेब. खोटं कायले बोलू? पन तिच्यात बसून मी पोट्ट्यायले काय शिकवू? एकटीनं वॉर्ड सांभाळा, आन् मानूस मेलं त घरी जा?"

बाहेर आल्यावर जिन्यात त्या थांबल्या आणि कठड्याला धरून म्हणाल्या, "मौदेवाली, मले भेव वाटून राहिलं." त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी विचारलं, मग आता? त्या म्हणाल्या, "आता काय? मोर्चाची ड्युटी लाव."

अधिवेशन हिवाळ्यात नागपुरात भरतं आणि सारा महाराष्ट्र आपापली गाऱ्हाणी घेऊन आमच्या रस्त्यांवर उतरतो. आम्ही नागपूरकर भाजलेल्या शेंगा खात ते मोर्चे बघतो. त्या वर्षी आमचाच मोर्चा होता. बाईंचा हुकूम असा, की ड्युटीवरची एकही नर्स येणार नाही, आणि ड्युटी संपलेली एकही नर्स ओव्हर पूर्ण दिल्याशिवाय वॉर्ड सोडणार नाही. त्यामुळे आम्ही जमायच्या जागी इतक्या उशिरा पोचलो, की आमच्या मागचा शिक्षकांचा मोर्चा आमच्या पुढं निघून गेला होता. कुणीतरी कुरकुरलं, तर बाई म्हणाल्या, "सरकार कुठी पळून नाई जात. सलाईन पळते."

पोलिसांनी आडव्या लावलेल्या बांबूंपाशी आम्हाला अडवलं. बाईंनी सांगितलं, आरोग्यमंत्री भेटेपर्यंत उठायचं नाही. आम्ही पांढऱ्या साड्यांनिशी डांबरी रस्त्यावर वर्तमानपत्रं अंथरून बसलो. घोषणा द्यायची सवय नव्हती, पण हळूहळू आवाज चढला. तास झाला, दोन तास झाले. आणि मग मंत्र्यांनी आमची समजूत काढायला आमच्याच अधीक्षकांना पाठवलं. बांबूंच्या पलीकडे त्यांची गाडी थांबली, दार उघडलं, ते खाली उतरले.

आणि आम्ही सगळ्या उठलो.

कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ठरवलं नव्हतं. डॉक्टर आले, पाय आपोआप सरळ झाले. घोषणा तोंडातच राहिली. पदर सावरून, हात मागं घेऊन, वॉर्डात राउंडला उभ्या राहतो तशा आम्ही भर रस्त्यात रांगेनं उभ्या! पोलिसांना वाटलं, मिटलं. एक हवालदार खुशीत ओरडला, "उठल्या, उठल्या! बांबू काढा!" मागं नंतर आलेला दुसरा कुठला तरी मोर्चा होता, तो खो खो हसायला लागला. अधीक्षकांनाही काय करावं कळेना. इतक्या लवकर आपलं काम होईल असं त्यांना वाटलं नसावं.

बसलेल्या होत्या त्या एकट्या ट्यूटरबाई. त्यांनी मागं वळून आमच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता चांगलीच खरडपट्टी निघणार. पण त्यांचं हसू आवरता आवरत नव्हतं. त्या म्हणाल्या, "पोट्ट्याहो, हा वॉर्ड नाई. रस्ता हाय. बसा." लाजेनं अर्धमेल्या होत आम्ही बसलो, आणि बसल्यावर आमच्याच लक्षात आलं, की वर्ग सोडला तर डॉक्टर समोर उभे असताना बसायची ही आमची आयुष्यातली पहिलीच वेळ. खरं सांगते, फार बरं वाटलं. त्यानंतरची घोषणा पार आतपर्यंत ऐकू गेली असणार.

अधीक्षक बाईंशी बोलायला पुढं आले. ते उभे आणि बाई खाली, शिवाय घोषणांचा आवाज, त्यामुळे त्यांना सारखं वाकावं लागत होतं. बाईंनी आपल्याजवळचं एक वर्तमानपत्र झटकून बाजूला अंथरलं आणि म्हणाल्या, "बसा, डॉक्टरसाहेब. पँट खराब नाई होनार." त्या भल्या माणसानं इकडंतिकडं पाहिलं, सुस्कारा सोडला आणि तो मांडी घालून बसला. दोघं कितीतरी वेळ हलक्या आवाजात बोलत राहिले. अधीक्षक उठून आत गेले तेव्हा ते आमचंच गाऱ्हाणं घेऊन गेले, असं पुढं कळलं. संध्याकाळच्या आत बाईंसह आमच्यातल्या चौघींना आत बोलावणं आलं.

आमचं सगळं मान्य झालं. सिंधूला परत घेतलं. विद्यार्थिनीला वॉर्डात एकटी ठेवायचं नाही, असा हुकूम निघाला. शाळेच्या प्रमुखपदी नर्सच बसेल, हेही ठरलं. आणि त्याच आठवड्यात आणखी एक हुकूम आला. प्रशासकीय सोयीसाठी द्वारका निमजे यांची बदली चांद्याकडच्या जंगलपट्टीतल्या एका लहान दवाखान्यात. शाळेचा कार्यभार, दुसरी नेमणूक होईपर्यंत, ट्यूटरचा कोर्स झालेली दुसरी एकमेव नर्स म्हणून माझ्याकडे.

मी रडले, भांडले, कार्यभार घेणार नाही म्हणाले. बाई म्हणाल्या, "काहून? खुर्ची नर्सले पाहिजे होती. तू कोन हायेस?" मग "मले मिळाली असती त जास्त बरं वाटलं असतं, हे खरं," असंही म्हणाल्या, आणि चष्मा पुसत बसल्या. 'दुसरी नेमणूक होईपर्यंत'चा काळ मी निवृत्त होईपर्यंत चालला. बाईंनी तिकडं आदिवासी मुलींना शिकवायला घेतलं, तिथल्या नर्सेसची संघटना बांधली, आणि शेवटी उमरेडला आपल्या घरीच त्या वारल्या. पण मला त्या आठवतात त्या आमच्या शाळेतल्या शेवटच्या दुपारी.

त्या दुपारी त्यांनी मला शाळेची ओव्हर दिली. कपाटांच्या किल्ल्या एका मिनिटात झाल्या, खरी ओव्हर मुलींची होती. वर्गावर्गातून हिंडत, एकेकीपाशी थांबून, नावानिशी. "हे सिंधू. अजून भेते. हिले त्याच वॉर्डात पाठव, पन पयल्यांदा तू सोबत जा." मग आम्ही ऑफिसात आलो. बाईंनी खुर्चीवरचा पांढरा टॉवेल काढून माझ्या हातात दिला. "हा वॉर्डात दे. तिथं कमी पडते. आन् बस."

मी म्हटलं, बाई, तुम्ही उभ्या आणि मी कशी बसू?

"ओव्हर व्हाची हाय अजून. बस तू."

मी खुर्चीच्या काठावर टेकले. बाई टेबलापुढं उभ्या राहून तिसऱ्या वर्षाच्या मुलींबद्दल सांगू लागल्या. तेवढ्यात दारात अधीक्षक आले. बाईंचा निरोप घ्यायला आले होते, चेहरा पडलेला होता. माझे गुडघे सरळ व्हायला लागले. पण अधीक्षकांची नजर माझ्याकडे नव्हतीच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपण येताना ट्यूटरबाई त्यांना उभ्या दिसत होत्या, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. ते गहिवरून म्हणाले, "अहो बाई, बसा, बसा. आज माझ्यासाठी उठलात?"

"तुमच्यासाठी नाई, डॉक्टरसाहेब," बाई म्हणाल्या. "ओव्हर सुरू हाय. दोन मिनिटं थांबा."

ते दारातच थांबले. बाई माझ्याकडे वळल्या आणि राहिलेली नावं सांगू लागल्या. मी खुर्चीत मागं सरकून नीट बसले आणि शेवटच्या नावापर्यंत ओव्हर घेतली.